विंगेतली माणिक

"सरपोतदार. मुलगी कॅनडात. गुडघा," माणिक माझ्या कानाशी पुटपुटली. ओठ जवळजवळ हललेच नाहीत तिचे.

समोरून काठी टेकत येणाऱ्या गृहस्थांकडे बघून मी लगेच हसले आणि विचारलं, काय सरपोतदार, गुडघा काय म्हणतोय, कॅनडाचा फोन आला का? त्यांचा चेहरा खुलला. खुर्ची ओढून ते आमच्या टेबलाशी बसले आणि नातीच्या शाळेबद्दल सांगत सुटले. मी मान डोलावत राहिले. या माणसानं लिहिलेल्या नाटकाच्या तालमी मी त्या वेळी रोज संध्याकाळी त्याच्याच बरोबर करत होते, आणि सकाळच्या नाश्त्याला मला त्याचं नाव आठवत नव्हतं. ही गोष्ट त्या अख्ख्या भोजनगृहात एकाच बाईला ठाऊक होती. ती माझ्या शेजारी बसून उपम्यातल्या मिरच्या वेचून ताटलीच्या कडेला लावत होती.

याला आता बरीच वर्षं झाली. नाशिकच्या बाहेर, द्राक्षमळ्यांच्या मधोमध आमची ही ज्येष्ठांची वसाहत आहे. वृद्धाश्रम म्हटलं की इथली माणसं खवळतात. प्रत्येकाचं स्वतःचं छोटं घर, स्वतःची किल्ली, स्वतःचं स्वयंपाकघर. कंटाळा आला तर भोजनगृहात जेवावं, नाहीतर आपलं पिठलं आपण टाकावं. माझे यजमान गेले तेव्हा निरंजन, माझा मुलगा, मला पुण्याला त्याच्याकडे न्यायला निघाला होता. मी साफ सांगितलं, तुमच्या हॉलमध्ये सोफ्यासारखी पडून राहायची माझी तयारी नाही. आणि हट्टानं इथं आले.

आले खरी, पण सुरुवातीला दार लावून बसायची. नवऱ्याच्या आठवणीनं रडायचं, मग रडण्याचा राग येऊन भांडी घासायची. अशाच एका दुपारी शेजारच्या घरातली बाई दारात उभी राहिली. बुटकी, जाड भिंगाचा चष्मा, अंबाड्यात एकही केस इकडचा तिकडे नाही. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"तुम्ही बँकेच्या नाटकांतल्या कुमुद कारखानीस ना?" ती म्हणाली. "नाशिकला स्पर्धेत तुमचा प्रयोग होता. आमची संस्था तुमच्यानंतर होती, म्हणून मी विंगेत उभी होते. तिसऱ्या प्रवेशात तुम्ही एक वाक्य गाळलंत."

मी तोंडात बोट घालायची तेवढी राहिले. तो प्रयोग झाला तेव्हा निरंजन रांगत होता. वाक्य मी गाळलं होतं हे खरं, पण ते आमच्या दिग्दर्शकालाही कळलं नव्हतं. हिनं आदल्या वर्षी तेच नाटक केलं होतं. केलं म्हणजे प्रॉम्प्टर म्हणून. माणिक होनप शाळेत विज्ञान शिकवायची आणि संध्याकाळी नवऱ्याच्या हौशी नाट्यसंस्थेत विंगेत उभी राहायची. आयुष्यात एकदाही तोंडाला रंग लावला नाही तिनं. मला म्हणायची, स्टेजवरच्या माणसाला वाटतं लोक त्याला ऐकतात, पण तो स्वतः मला ऐकत असतो.

त्या दुपारी मी तिला आत घेतलं, चहा केला, आणि ती उठली तेव्हा दिवेलागण झाली होती. दोन दिवसांत अहोजाहो गळून पडलं. म्हातारपणी मैत्रीण मिळते यावर माझा विश्वास नव्हता. या वयात ओळखी होतात, गुडघ्याचे आणि मोतीबिंदूचे हिशेब होतात, एवढंच मी धरून चालले होते. माणिकनं मला वेड्यात काढलं. तिनंच मला ढकललं आणि आम्ही दोघींनी मिळून बुधवारचं नाट्यवाचन सुरू केलं. दुपारची झोप झाल्यावर रात्रीच्या जेवणापर्यंत करायचं काय, हा आमच्या वसाहतीतला खरा आजार. आमच्या वाचनानं तो पुष्कळ बरा केला. ज्यांना दिसत नव्हतं ते ऐकायला यायचे, ज्यांना ऐकू येत नव्हतं ते भजी असतात म्हणून यायचे. बायको गेल्यापासून कुणाशी न बोलणारे एक निवृत्त फौजदार चोराची भूमिका वाचायला लागले आणि मग त्यांना गप्प करणं अवघड झालं. पुढं दरवर्षी वर्धापनदिनाला दोन अंकी नाटक व्हायला लागलं. मी बसवायची आणि मुख्य काम करायची, माणिक विंगेत. सकाळी उठले की आज आपल्याला काहीतरी करायचंय, असं मला नवऱ्याच्या मागं पहिल्यांदा वाटायला लागलं, ते या बाईमुळे. हे मी नाकारलं तर जीभ झडेल माझी.

आणि मग माझं विसरणं सुरू झालं.

आधी नावं गेली. नावं कुणाची जात नाहीत? मी हसण्यावारी नेलं. मग दूध उतू जाऊन करपलं तरी मला वास येईना. मग वार सरमिसळ व्हायला लागले. अंगात दिवसभर ग्लानी, पायांना मुंग्या, आणि डोक्यात कापूस भरल्यासारखं. आणि एका दुपारी मी फिरायला गेले ती परत येताना दुसऱ्याच ओळीतल्या एका बंद घराच्या कुलपाला माझी किल्ली लावत बसले. लागेना, म्हणून पायरीवर बसून रडायला लागले. माणिकनं मला तिथून उठवून आणलं.

घरी आणून तिनं मला पाणी दिलं आणि डॉक्टरचं नाव काढलं. मी तिथंच तिला तोडलं. आमच्या वसाहतीचा नियम होता, अजूनही आहे, की इथं राहणारा स्वतःचं स्वतः करू शकला पाहिजे. नाही जमलं की मागच्या इमारतीत. तिथं नर्स आहेत, चांगलं जेवण आहे, सगळं आहे. फक्त दाराला आतून कडी नाही. आमच्यातला कुणी तिकडे गेला की आम्ही पहिले चार दिवस फळं घेऊन जायचो, मग आठवड्यातून एकदा, मग त्याचा विषयच निघायचा नाही. शिवाय माझ्या आईचं हेच झालेलं मी पाहिलं होतं. तिचीही सुरुवात नावांपासूनच झाली, आणि शेवटी ती माझ्याकडे बघून विचारायची, बाई, तुम्ही कोणाच्या? डॉक्टर मला नवीन काय सांगणार होता? तो व्यवस्थापक दाणीबाईंना सांगणार, दाणीबाई निरंजनला सांगणार, आणि कुमुद कारखानीसची मागच्या इमारतीत उचलबांगडी होणार. नाट्यवाचन गेलं, नाटक गेलं, किल्ली गेली. मग जगायचं कशाला?

मी माणिकचा हात ओढून माझ्या डोक्यावर ठेवला.

"माझी शपथ आहे तुला," मी म्हटलं. "निरंजनला, दाणीबाईंना, डॉक्टरला, कुणाला म्हणजे कुणाला यातलं अक्षर सांगायचं नाही. सांगितलंस तर मी मेले असं समज."

तिनं हात काढून घ्यायचा प्रयत्न केला. मी धरून ठेवला. माणिकनं जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं, ग्रहणात मुद्दाम बाहेर उभी राहून शेंगदाणे खायची, पण शपथेला ती भ्यायची. डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की ते डोकं उरत नाही, हे तिच्या आईनं तिच्या मनात असं बसवलं होतं की कुठलंही पुस्तक ते काढू शकलं नाही. मला हे माहीत होतं. शेवटी ती म्हणाली, बरं.

त्या दिवसापासून ती माझ्या आयुष्याच्या विंगेत येऊन उभी राहिली. सकाळी चहा घेऊन यायची आणि मला माझा दिवस सांगायची. आज बुधवार, आज वाचन, दुपारी गोळ्या, ती निळी साडी काल नेसलीस, आज दुसरी काढ. भोजनगृहात समोरून माणूस आला की कानाशी नाव, मुलंबाळं, दुखणं. फोनवर निरंजन असला की ती समोर बसून बोटांनी खुणा करायची. मला सांगायला लाज वाटत नाही, मला त्यात मजा वाटायला लागली होती. सगळ्या वसाहतीच्या नाकावर टिच्चून आम्ही दोघी एक नाटक वठवत होतो आणि कुणाला पत्ता नव्हता. दाणीबाई तर नव्या मंडळींना माझं उदाहरण द्यायच्या. बघा कारखानीसकाकू, या वयात काय स्मरणशक्ती आहे.

त्या वर्षीचं नाटक सरपोतदारांनी स्वतः लिहिलं होतं. एका निवृत्त मुख्याध्यापिकेचा गावात सत्कार आहे, आणि दुसऱ्या अंकात ती उभी राहून सगळ्यांदेखत तो सत्कार नाकारते. तिचं मोठं स्वगत होतं. "हार घालू नका मला" असं सुरू व्हायचं आणि मग दहा मिनिटं थांबायचंच नाही. तालमीत ते माझ्या डोक्यात राहीना. पण माणिक होती ना. ती पूर्ण वाक्य कधी द्यायची नाही. एकच शब्द, तोही श्वासातून, माझ्यापुरता. तो कानावर पडला की पुढचं सगळं आपोआप यायचं. नट थांबला की तो पॉज घेतोय की विसरलाय, हे जिला पाठीकडून कळतं तीच खरी प्रॉम्प्टर. माणिकला ते माझ्या मानेवरून कळायचं. मी मुद्दाम घेतलेल्या पॉजमध्ये ती एकदाही कडमडली नाही आणि मी अडले तेव्हा एकदाही उशीर केला नाही.

वर्धापनदिनाच्या सकाळी ती आली तेव्हा तिनं चहा आणला नव्हता. खुर्चीत बसून राहिली. म्हणाली, अजूनही वेळ आहे, अंगात कसर आहे म्हणून सांग, स्वगत सरपोतदार स्वतः वाचून दाखवतील. मी तिच्यावर ओरडलेच. निरंजन खास येणार होता, दाणीबाईंनी पाहुणे बोलावले होते, आणि ही मला कसर सांगायला शिकवत होती. तू विंगेत आहेस तोवर मला कसली भीती, असं मी तिला म्हटलं. यावर ती उठून गेली. तिची झोप झालेली दिसत नव्हती, पण मी काही विचारलं नाही. मला माझंच आठवत नव्हतं, तिथं दुसऱ्याचा चेहरा कुठून वाचणार?

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. पहिल्या रांगेत निरंजन, शेजारी दाणीबाई. पहिला अंक असा रंगला की पडदा पडला तेव्हा सरपोतदारांनी माझे दोन्ही हात धरले. चार ठिकाणी मी अडखळले होते. चारही ठिकाणी माणिकचा शब्द आला, वेळेवर, हलका.

दुसरा अंक सुरू झाला. सरपोतदार हातात झेंडूचा हार घेऊन माझ्याकडे आले. मी हात वर करून त्यांना थांबवलं, चार पावलं पुढं आले, लोकांकडे पाहिलं. आणि डोक्यातला दिवा गेला. काही नाही. पहिला शब्दसुद्धा नाही.

मी घाबरले नाही. घाबरायचं कारणच नव्हतं. मी मान किंचित विंगेकडे वळवली, आमची ठरलेली तेवढीच. विंगेतल्या छोट्या दिव्याखाली माणिक उभी होती. हातात संहिता, बोट ओळीवर. ती माझ्याकडेच बघत होती.

मी थांबले. शब्द आला नाही.

मी पुन्हा पाहिलं, या वेळी सरळ, सगळ्यांना दिसेल असं. तिचे ओठ मिटलेले होते. चष्म्याआडून ती माझ्याकडे बघत होती आणि तिनं ते बोट ओळीवरून उचललं. दोन अक्षरांचा शब्द होता. हार. माझ्या नाकासमोर सरपोतदारांच्या हातात तो लोंबत होता आणि मला तो दिसत असून सापडत नव्हता, आणि जिच्याजवळ होता ती मला देत नव्हती. मी हात जोडल्यासारखं केलं असावं, असं सरपोतदार नंतर म्हणाले. माणिक हलली नाही.

लोकांना वाटलं हा अभिनयच आहे. कुणी टाळीही वाजवली. त्या टाळीनं माझी उरलीसुरली पकड सुटली. समोर पहिल्या रांगेत माझा मुलगा बसलेला मला दिसला, आणि मी स्टेजवरून, सगळ्या वसाहतीसमोर, त्याला विचारलं, "निरंजन, आज शाळा लवकर सुटली का रे? बाबा आले नाहीत अजून. तू हातपाय धू."

निरंजन उभा राहिला. त्याचे केस पिकलेले होते आणि मला कळेना की माझ्या पोरानं डोक्याला काय फासून घेतलंय. मग कुणीतरी पडदा ओढला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. निरंजन मला त्याच रात्री गाडीत घालून पुण्याला घेऊन गेला. तपासण्या, यंत्रं, रक्त. माझ्या मनात एकच घोळत होतं, माझं घर गेलं, किल्ली गेली, आणि ती घालवली माणिकनं. आजाराचा राग नव्हता मला. आजार काय, आजारच तो. पण त्या बाईचं बोट ओळीवर होतं.

डॉक्टरांनी निरंजनला जे सांगितलं ते ऐकून तो हसला आणि रडला एकदमच. आईचं झालं होतं ते मला झालंच नव्हतं. माझा थायरॉइड पार ढासळला होता आणि बी-बारा जवळजवळ संपलं होतं. त्यात बी-बारा अंगी लागू न देणाऱ्या पित्ताच्या गोळ्या मी वर्षानुवर्षं शेंगदाण्यासारख्या खात आले होते. उशीर झाला असता तर परतीचा रस्ता राहिला नसता, असं ते म्हणाले. जन्मानं सीकेपी, मासे-मटणावर वाढलेल्या, आणि तुमच्या बी-बाराची ही अवस्था कशी, म्हणून त्यांनी माझी थट्टाही केली. मी त्यांना वसाहतीच्या भोजनगृहात मिळणाऱ्या दुधीभोपळ्याच्या भाजीबद्दल सांगितलं.

इंजेक्शनं सुरू झाली आणि हळूहळू धुकं वर गेलं. आधी वार आले, मग नावं, मग एके सकाळी पोळी लाटताना ते अख्खं स्वगत, पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत, न अडता. मी लाटणं तिथंच टाकून रडले. निरंजनला वाटलं आनंदानं रडतेय.

तोवर माणिक विंगेत मुद्दाम गप्प राहिल्याची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली होती. त्यानं माणिकला फोन करून विचारलं होतं, मावशी, तुम्हाला माहीत होतं ना? तिनं शपथेचं सांगितलं. तेव्हापासून माझा मुलगा तिचं नाव देवाच्या नावासारखं घ्यायला लागला. आई, मावशींनी शपथही मोडली नाही आणि तुला वाचवलंही. त्यांनी त्या दिवशी तुला शब्द दिला असता तर तू आज कुठं असतीस? सून म्हणाली, अशी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं. मी हो म्हणत राहिले. माणिकनं त्या सगळ्या काळात मला एकदाही फोन केला नाही, आणि मीही तिला केला नाही.

डॉक्टरांनी मी एकटी राहू शकते असं दाणीबाईंना लिहून दिलं आणि उन्हाळा संपता संपता मी माझ्या घरी परत आले. माझी किल्ली, माझं कुलूप, लगेच लागलं. वसाहतीत तर पोवाडाच तयार झाला होता. सरपोतदार भेटेल त्याला सांगत होते, माझ्या नाटकापेक्षा भारी नाटक त्या बाईनं विंगेत उभं राहून केलं. येणारा प्रत्येकजण माझ्या तब्येतीची चौकशी करून शेवटी माणिकचं कौतुक करून जायचा. आणि मी मान डोलवायची. खरंच होतं ते. तिनं मला वाचवलं होतं. मग माझ्या छातीत ती कळ का राहिली होती? मी स्वतःलाच कृतघ्न म्हणून पाहिलं, तरी ती जाईना. मी विंगेतला तिचा चेहरा बघितला होता. काळजीचा चेहरा मला ओळखता येतो. जन्मभर रंगभूमीवर ते काम केलंय मी. तो चेहरा काळजीचा नव्हता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली. दारातच उभी राहिली, पहिल्या दिवशी उभी होती तशीच. मी ये म्हटलं. ती बसली. तब्येतीचं विचारून झालं, पावसाचं बोलून झालं. बुधवारचं वाचन बंद पडलंय, पुन्हा सुरू करूया का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, करू.

"माणिक," मी म्हटलं, "मला वाचवायचं म्हणून गप्प बसलीस तू?"

ती हातावरच्या शिरा बघत बसली. म्हणाली, लोक म्हणतात तेच तूही धरून चाल ना, त्यात दोघींचं बरं आहे. मी म्हटलं, लोकांचं मला नको, तू सांग.

"मी दमले होते, कुमुद."

एवढं म्हणून ती थांबली. तो पॉज होता. मला कळलं, म्हणून मी मध्ये बोलले नाही.

"सकाळी डोळा उघडला की आधी तुझा दिवस आठवायचा, मग माझा. जेवताना माझा घास खाली आणि डोळे दाराकडे, कोण येतंय, कोणाचं नाव सांगायचंय. तू हसून बोलायचीस, लोक तुझी वाहवा करायचे. मला रात्री स्वप्नातसुद्धा तुझी वाक्यं. आणि तू शपथ घालून मोकळी झालेलीस. त्या दिवशी तू विंगेकडे पाहिलंस ना, शब्द अगदी ओठावर होता माझ्या. आणि मनात आलं, नाही देत. एकदा तरी नाही देत. पडली तर पडू दे."

"आणि निरंजन? डॉक्टर?"

"ते नंतर सुचलं. निरंजनचा फोन आला तेव्हा. त्यानंच सगळं जुळवून सांगितलं, मी फक्त नाही म्हटलं नाही."

बाहेर कुणीतरी आम्हा दोघींना एकदम बघून लांबूनच हात हलवला. आम्ही दोघींनी हात हलवला. मला तिचा राग यायला हवा होता, पण त्या क्षणी मला भीती वाटत होती. एक प्रश्न होता जो विचारायचा नव्हता, आणि तो मी विचारणार हे मला कळून चुकलं होतं.

"समजा, बरं होण्यासारखं नसतं. आईसारखंच असतं. मला मागच्या इमारतीत टाकलं असतं," मी म्हटलं. "तू आली असतीस माझ्याकडे?"

माणिकनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. खोटं बोलणं तिला सोपं होतं. येणारच ना ग, असं म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला असता, गळ्यात पडून रडले असते, आणि आजही वसाहतीच्या पोवाड्यात माझा आवाज सगळ्यांच्या वर असता.

"नाही," ती म्हणाली. "आले नसते."

मग ती उठली. आमच्यात कुणी उठलं की चहा तरी घेऊन जा म्हणायची रीत आहे, शत्रूलाही म्हणतो आपण. मी म्हटलं नाही. ती तिच्या घरात गेली आणि मी माझं दार आतून लावून घेतलं. कडीही घातली.

बुधवारचं वाचन आम्ही परत सुरू केलं. ते माझ्या एकटीचं नाही, वसाहतीचं आहे. फौजदारांनी तर माझ्या गैरहजेरीत तीन नवीन चोर तयार करून ठेवले होते. माणिक माझ्या शेजारी बसते, जेवायलाही आमचं टेबल एकच आहे. नवीन कुणी राहायला आलं की सरपोतदार त्यांना ती गोष्ट सांगतात. माणिक ताटाकडे बघत राहते, मी हसते. तिचं गुपित मी कुणाला सांगितलेलं नाही. तिनं मला शपथ घातली नव्हती, तरीही नाही.

पुढच्या वर्धापनदिनाला सगळ्यांच्या आग्रहावरून पुन्हा तेच नाटक केलं. विंगेत कोण असणार हे कुणी विचारलंही नाही, तीच असणार हे धरलेलं होतं. निरंजन पहिल्या रांगेत होता. सरपोतदार हार घेऊन आले. मी त्यांना थांबवलं, पुढं आले आणि स्वगत सुरू केलं, स्वच्छ, खणखणीत. निम्म्यापर्यंत गेले आणि एका वाक्यावर अडले. आजार नव्हता, अडतो माणूस, कुणीही अडतो. त्याच क्षणी विंगेतून माणिकचा आवाज आला. वेळेवर, हलका, एकच शब्द, माझ्यापुरता.

मी ऐकला तो. मान वळवली नाही. लोकांकडे बघत माझ्या मनाचं एक वाक्य बोलले, जे सरपोतदारांनी कधी लिहिलंच नव्हतं, आणि पुढं गेले.